काळा आजार आणि शरीराची भक्षक पेशी

विल्यम लीशमन आणि मद्रासचे चार्ल्स डोनोव्हन यांनी १९०३ साली ज्या सूक्ष्म परजीवीचे वर्णन प्रसिद्ध केले, तोच काळ्या आजाराचे कारण होय. वाळूमाशीच्या दंशावाटे तो शरीरात शिरतो आणि भक्षक पेशी त्यास गिळतात. येथवर सारे नित्याचेच. नवल पुढे आहे. ज्या पोकळीत त्याचे पचन व्हावयाचे, तिच्यातच तो वाढू लागतो! रक्तात प्रतिपिंडे विपुल निर्माण होतात. परंतु पेशीच्या आत दडलेल्या परजीवीपुढे त्यांचा काय उपयोग?

मारण्याचे सामर्थ्य भक्षक पेशीत असते. ते जागे करावे लागते. टी-पेशींनी गॅमा इंटरफेरॉन सोडले, की तिच्यात नायट्रिक ऑक्साइडसारखी मारक द्रव्ये तयार होतात. पुष्कळांच्या शरीरात हे घडून येते आणि त्यांना रोग जाणवतही नाही. ज्यांच्यात इंटरल्यूकिन-१० प्रबळ ठरते, त्यांच्यात मात्र हा संदेश दबतो. प्लीहा वाढते, ताप हटत नाही. उपचाराविना असे बहुतेक रोगी दगावतात.

उपचाराने रोगी बरा होतो, तरी काहींच्या त्वचेत परजीवी उरतात. महिन्यांनी वा वर्षांनी फिकट चट्टे किंवा गाठी उमटतात. प्रकृती उत्तम असल्याने कोणी दवाखान्यात जात नाही, आणि वाळूमाशी त्याच त्वचेतून परजीवी उचलते. बिहार-झारखंडात हे चट्टे कुष्ठरोगाचे समजले जाण्याचा धोका असतो. कुष्ठाच्या चट्ट्यात संवेदना मंदावते, यांत ती शाबूत राहते. पूर्वी काळा आजार झाला होता काय, हा प्रश्न म्हणूनच आधी विचारावा लागतो.