मंदी, सेझ आणि आपलं पेण

15 सप्टेंबर 2008 ला अमेरिकेत लेहमन ब्रदर्स बुडाली. सहाच दिवसांनी, 21 तारखेला, आपल्या पेण तालुक्यातल्या 22 गावांनी महामुंबई सेझला जमीन द्यायची का, यावर मतदान केलं. कौल नकाराचा होता. हेटवणे धरणाचं पाणी त्यांना शेताला हवं होतं. मी तेव्हा इंजिनिअरिंगला. घराजवळ नोकरी मिळेल, एवढंच मला दिसत होतं, आणि गाववाल्यांचा रागच आला होता. त्याच मंदीत मामू दुबईहून परतले, रोह्याला धाटाव एमआयडीसीत कंत्राटी लागले. सेझचा सगळा भरवसा निर्यातीवर. परदेशातलं गिऱ्हाईक आटलं तर काय? जमीन तर गेलेली असणार. आता तिसऱ्या मुंबईच्या आराखड्यात उरण, पनवेल, पेणची 124 गावं आहेत. तुमचं गाव त्यात आहे का, पाहिलंत?