उंबरठा, भिंत आणि आजचे चित्र
(मठाच्या वर्धापनोत्सवात वडोदरा येथे दिलेले व्याख्यान)



आजची भारतीय चित्रकला आणि आपले नित्याचे जीवन, या विषयावर चार शब्द बोलावे अशी मला आज्ञा झाली आहे. या आज्ञेमागे एक अगदी व्यावहारिक कारण आहे, आणि ते प्रारंभीच सांगून टाकलेले बरे. नव्या सभामंडपाची उत्तरेकडील भिंत अद्याप मोकळी आहे. तिच्यावर देवतांची चित्रे छापलेल्या फरश्या बसवाव्यात, असा एक प्रस्ताव विश्वस्तांपुढे आहे. फरश्या पुसता येतात, स्वस्त पडतात, आणि चित्र कसे उतरेल याची धास्ती राहत नाही. दुसरा प्रस्ताव मी मांडला होता, तो असा की ती भिंत आपल्याच नगरातील एखाद्या चित्रकाराच्या हाती द्यावी. तो ऐकून आपल्यातील एका वयोवृद्ध गृहस्थांनी मला विचारले, "पण गुरुजी, ते चित्र आम्हांला कळेल का?" त्यांच्या प्रश्नात थट्टा नव्हती, भय होते, आणि माझे आजचे सारे बोलणे त्या प्रश्नालाच उत्तर आहे.

आपल्यापैकी किती जणांनी रावपुऱ्यातील तांबेकर वाडा आतून पाहिला आहे? गेल्या पिढ्यांनी तो अनेकदा पाहिला असेल. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास बडोद्याचे दिवाण असलेल्या भाऊ तांबेकरांचे ते घर. आज ते पुरातत्त्व खात्याच्या रक्षणाखाली आहे. त्याच्या भिंतींवर कृष्णलीला आहेत, महाभारत आहे. पण मराठ्यांची आणि इंग्रजांची लढाईही आहे, आणि विलायती पोशाखातील स्त्रियाही आहेत. देवाशेजारी कालची लढाई आणि नुकत्याच दिसू लागलेल्या परक्या बायका रंगविताना त्या चित्रकारांना काही विसंगत वाटले नाही, आणि घरमालकालाही नाही. ती त्या काळची आधुनिक चित्रकला होती. तिच्या सान्निध्यात माणसे राहत होती, बोलत होती, घरातील पोरे खेळत होती. ती कळते की नाही, असा प्रश्न त्यांना कोणी विचारला असेल असे मला वाटत नाही.

मग मधल्या काळात काय घडले? एका वाक्यात सांगावयाचे तर चित्र छापता येऊ लागले. या घटनेतही बडोद्याचा हात आहे. सयाजीराव महाराजांच्या अल्पवयात राज्याचा कारभार पाहणारे दिवाण सर टी. माधवराव हे तंजावरच्या मराठी परंपरेतील गृहस्थ. आपल्या चित्रांच्या छापील प्रती काढाव्यात, असे राजा रविवर्म्यांना सुचविणाऱ्यांत त्यांचे नाव घेतले जाते. लक्ष्मीविलास राजवाड्यासाठी रविवर्म्यांनी 14 पौराणिक चित्रे रंगविली, आणि बडोद्यास येण्यापूर्वी ती मुंबईस लोकांना पाहावयास ठेवली होती. पुढे 1894 साली मुंबईस त्यांचा छापखाना निघाला, आणि लुगडे नेसलेली लक्ष्मी घरोघर पोचली. या छापील देवांची टवाळी करण्याची विद्वानांत एक रीत पडली आहे. ती मला मान्य नाही. ज्यांना गाभाऱ्याच्या जवळपासही फिरकू दिले जात नव्हते, त्यांच्याही भिंतीवर या चित्रांनी देव आणून बसविला. हे लहान कार्य नव्हे. मात्र त्याचबरोबर एक सवयही जडली. देवाचा चेहरा एकदा ठरला तो ठरलाच, असे आपण मानू लागलो. नव्या हाताने काढलेला देव आपल्याला परका वाटू लागला.

याच नगरात त्या सवयीला उत्तर देण्याचे प्रयत्न झाले, आणि ते आपल्या दारापासून फार दूर झालेले नाहीत. कीर्तिमंदिर हे गायकवाड घराण्याचे स्मारक. तेथील भिंती सयाजीराव महाराजांनी शांतिनिकेतनच्या नंदलाल बसूंना दिल्या, आणि 1939 ते 1946 या अवधीत तेथे गंगावतरण, मीराबाईचे जीवन, नटीची पूजा आणि महाभारतातील युद्ध ही चित्रे झाली. राजघराण्याच्या स्मारकात एका नटीच्या पूजेला भिंत मिळाली, ही गोष्ट क्षणभर मनाशी धरून ठेवा. महाराज 1939 साली निवर्तले. काम पुढे चालू राहिले.

1950 साली महाराजा सयाजीराव विद्यापीठात ललितकला विद्याशाखा सुरू झाली. तेथील चित्रकला विभागाची धुरा इंदूरचे ना. श्री. बेंद्रे यांच्याकडे आली. त्यांच्या मागोमाग आलेले के. जी. सुब्रमण्यन यांचे नाव मी मुद्दाम घेतो. पट आणि शिल्प यांइतकीच विणकाम, मातीचे काम आणि लाकडी खेळणी ही कलेचीच अंगे आहेत, असे त्यांनी मानले आणि तसे शिकविले. 1960 नंतरच्या दशकात विद्याशाखेत जत्रा भरू लागली. शिक्षक आणि विद्यार्थी स्वतः खेळणी व नित्योपयोगी वस्तू करीत आणि त्या सामान्य गिऱ्हाइकाला विकीत. चित्रशाळेने जत्रा भरवावी, याहून अधिक भारतीय गोष्ट मला ठाऊक नाही.

तिसरे नाव भूपेन खक्करांचे. हे हिशेबतपासनीस, 1962 साली बडोद्यास आले. आरंभी त्यांनी बाजारातली देवांची छापील चित्रेच कातरून आपल्या पटांवर चिकटविली. पुढे त्यांनी न्हाव्याचे दुकान रंगविले, शिंपी रंगविला, आणि 1972 साली घड्याळे दुरुस्त करणारा रंगविला. त्या चित्राचे नाव आहे 'जनता वॉच रिपेअरिंग'. अशी दुकाने आपण रोज ओलांडतो. 2016 साली लंडनच्या टेट मॉडर्न संग्रहालयात खक्करांच्या चित्रांचे मोठे प्रदर्शन भरले. आपल्या गल्लीतला शिंपी साता समुद्रापलीकडच्या भिंतीवर गेला, आणि आपल्या गल्लीत मात्र त्याला खिळ्याएवढीही जागा नाही. यात दोष चित्रकाराचा किती आणि आपला किती? मी तर म्हणेन, आपला अधिक. चित्र पाहावयाचे म्हणजे संग्रहालयात जावयाचे, आणि तेथे घरात कोणी आजारी असावे तसा आवाज खाली करावयाचा, एवढेच आपण शिकलो.

आता माझी स्वतःची कबुली देतो, म्हणजे उपदेश एकतर्फी होणार नाही. माझी आई चैत्र महिनाभर अंगणात चैत्रांगण काढीत असे. झोपाळ्यातली गौर, शंख, चक्र, तुळस, हत्ती, गाईची पावले, सारे काही. त्यात एखाद्या वर्षी आगगाडीही येई, कारण धाकटी मावशी त्या वर्षी आगगाडीने आली होती. आज माझ्या उंबरठ्यावर छापील रांगोळी चिकटविलेली आहे. ती मीच आणली. ती पुसत नाही, विस्कटत नाही, आणि तिच्यात कोणाचीही आगगाडी कधी येणार नाही. मी जन्मभर चित्रकला शिकविली आणि हे केले. बडोद्याचेच ज्योती भट्ट हे चित्रकार 1967 पासून खेडोपाडी हिंडून बायकांनी भिंतींवर आणि अंगणांत काढलेली चित्रे छायाचित्रांत टिपीत राहिले. ही चित्रे पुसली जाणार, हे त्यांना दिसत होते. त्यांची छायाचित्रे पाहताना मला माझ्या उंबरठ्याची लाज वाटते.

तेव्हा, "कळेल का?" हा प्रश्न. चैत्रांगणातली आगगाडी शेजारणींना कळत होती, कारण मावशी आल्याचे त्यांना ठाऊक होते. चित्र कळते ते अशा सहवासाने. म्हणून माझे मागणे असे आहे. ज्याला भिंत द्यावयाची, त्याने वा तिने एक चातुर्मास मठात यावे. काकड आरतीला बसावे, पालखीबरोबर चालावे, भंडाऱ्याच्या पंगतीत वाढावे, कीर्तन ऐकावे. मग आपल्यादेखत भिंतीवर रेघ ओढावी. आपण येता-जाता ते काम पाहू, नावे ठेवू, सूचना करू, आणि त्यातल्या काही सूचना तो ऐकेल, काही ऐकणार नाही. त्या चित्रात पंगत वाढणारी आपली मंडळी दिसली, किंवा बाहेर चपला सांभाळणारा म्हातारा दिसला, तर मला आनंदच होईल. देवाच्या शेजारी त्याला जागा असावी, हे तांबेकर वाड्याच्या भिंतींना मान्य होते.

खर्चाचा हिशेब मी विश्वस्तांकडे दिला आहे. तो फरश्यांहून जास्त आहे, हे लपवीत नाही. काही मंडळींना चित्र आवडणार नाही, हेही धरून चाललो आहे. पण चित्र पसंत पडले नाही तर दहा वर्षांनी त्यावर चुन्याचा हात फिरविता येतो. फरश्या काढावयाच्या म्हणजे भिंत फोडावी लागते.

भिंतीचा गिलावा अजून ओला आहे. तो सुकेपर्यंत विचार करावयास अवधी आहे. मंडळाची बैठक एकादशीनंतर आहे, आणि ज्या गृहस्थांनी मला प्रश्न विचारला त्यांनी त्या बैठकीस अवश्य यावे, अशी माझी त्यांना हात जोडून विनंती आहे.