वाणीचे स्वातंत्र्य : मर्यादा कोणी आखावी?

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील भाषण)



 विषय असा घेतला आहे, की त्यावर बोलताना माझ्यासारख्या सरकारी नोकराला जीभ थोडी आवरावी लागते. आणि तोच तर आजचा विषय आहे!

प्रारंभ लोकमान्यांपासून करतो. दंड संहितेत राजद्रोहाचे १२४-अ हे कलम १८७० साली घालण्यात आले. १८९७ साली ‘केसरी’तील मजकुराबद्दल टिळकांवर त्याखाली खटला झाला. ‘अप्रीती’ म्हणजे प्रीतीचा अभाव, असा अर्थ न्यायमूर्ती स्ट्रॅची यांनी ज्यूरीला सांगितला. सहा युरोपीय ज्यूरर विरुद्ध तीन हिंदी ज्यूरर, असा कौल पडला आणि टिळकांना अठरा महिन्यांची सक्तमजुरी झाली. १९०८ सालच्या खटल्याने त्यांना सहा वर्षांसाठी मंडालेला धाडले.

तिसरा प्रसंग आपण बहुधा विसरतो. १९१६ साली बेळगाव व अहमदनगर येथे त्यांनी स्वराज्यावर तीन भाषणे केली, तीही आपल्या मराठीत. त्याबद्दल मॅजिस्ट्रेटने वीस हजारांचा मुचलका आणि शिवाय जामीनदार मागितले. मुंबई उच्च न्यायालयात बॅरिस्टर जिना टिळकांच्या वतीने उभे राहिले. न्यायमूर्ती बॅचलर व शहा यांनी तो हुकूम रद्द केला. भाषण समग्र वाचावे, एखादे तिखट वाक्य सुटे काढून त्यावर निवाडा करू नये, हा त्या निर्णयाचा आशय. वक्ता तोच, कलमही मुळात तेच. बदलली ती वाचणाऱ्याची दृष्टी!

स्वतंत्र भारताच्या घटनेने १९५० साली भाषणस्वातंत्र्य हा मूलभूत हक्क मानला. परंतु पुढच्याच वर्षी पहिली दुरुस्ती येऊन ‘सार्वजनिक सुव्यवस्था’ आणि ‘अपराधास चिथावणी’ ही कारणे निर्बंधांत आली. त्याच दुरुस्तीने निर्बंध ‘वाजवी’ असावेत हा शब्दही घातला, आणि ‘वाजवी’ काय हे ठरविणे न्यायालयाच्या हाती आले. १९६२ साली केदारनाथ सिंह खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने राजद्रोहाचे कलम हिंसेला चिथावणी देणाऱ्या वा अव्यवस्था माजविण्याकडे झुकणाऱ्या वाणीपुरते मर्यादित केले. इंग्लंडने स्वतःच्या कायद्यातून राजद्रोह २००९ साली काढून टाकला. आपल्याकडे २०२२ साली सर्वोच्च न्यायालयाने ते कलम स्थगित ठेवण्यास सांगितले. १ जुलै २०२४ पासून दंड संहितेची जागा भारतीय न्याय संहितेने घेतली. तिच्या १५२ व्या कलमात ‘राजद्रोह’ हा शब्द नाही. पण देशाचे सार्वभौमत्व, एकता व अखंडता धोक्यात आणणाऱ्या वाणीस शिक्षा आहे. तेव्हा ते कलम कसे वाचावे, हा १९१६ चा प्रश्न आजही शिळा झालेला नाही.

आता आपल्या या नगरीकडे येतो. २६ जून १९७५ रोजी संसदीय समितीच्या कामासाठी बंगळूरला आलेले वाजपेयी, अडवाणी व आपले मधू दंडवते यांना येथेच अटक झाली. त्यांना ज्या मध्यवर्ती कारागृहात ठेवले, तेथे आज ‘फ्रीडम पार्क’ आहे, आणि नगरातील निदर्शनांसाठी तीच जागा नेमून दिलेली आहे. जेथे मुखे बंद केली गेली, तेथेच आज घोषणा उठतात, हे समाधानाचे खरे. पण घोषणेला एकाच कुंपणाचे बंधन असावे काय, याचाही विचार व्हावा.

मी स्वतः १९६४ च्या वर्तणूक नियमांनी बांधलेला आहे. शासनाच्या धोरणावर जाहीर टीका मला वर्ज्य आहे. ती मर्यादा मी नोकरी स्वीकारताना जाणून स्वीकारली. मर्यादा आधी ठाऊक असावी, कायद्याने आखलेली असावी आणि तिचा निवाडा तटस्थ न्यायाधीशाने करावा. या तीन अटी पाळल्या, तर ती मर्यादा शिस्त ठरते; न पाळल्या, तर मुस्कटदाबी.

शेवटी एक नम्र विनंती. सीमाप्रश्न असो वा भाषेचा वाद, आपल्या मनाविरुद्धचे भाषण कानी पडले, की ‘याला आवरा’ असे आपल्याही ओठांवर येते. त्या क्षणी बेळगावच्या त्या भाषणाची आठवण ठेवावी. न्यायमूर्तींनी परक्या माणसाचे ते भाषण समग्र वाचले. आपण शेजाऱ्याचे निदान समग्र ऐकावे, एवढेच मागून मी आपली रजा घेतो.