रेवदंडा : तटाच्या आतलं गाव

अलिबागहून मुरूडकडे निघालेली एसटी चौल ओलांडते आणि नारळी-पोफळीच्या सावलीतून एका पडक्या तटाच्या आत शिरते. हे रेवदंडा. कुंडलिका नदी इथेच समुद्राला मिळते.

खाडीत गलबतांना आसरा मिळे, म्हणून चौल बंदराचं नाव प्राचीन ग्रीकांपर्यंत पोहोचलं होतं. १४६९च्या सुमारास रशियन व्यापारी अफनासी निकितिन याच किनाऱ्यावर उतरला. सोळाव्या शतकात पोर्तुगीज आले, त्यांनी तट बांधला. १७४० साली हे ठाणं मराठ्यांकडे आलं. पुढे मुंबई वाढली आणि व्यापार तिकडे वळला.

पोर्तुगीज गेले, त्यांची भाषा मात्र पुरती गेली नाही. खाडीपलीकडच्या कोर्लईतली काही ख्रिस्ती कुटुंबं आजही घरात एक वेगळी बोली बोलतात. तिचे बरेचसे शब्द पोर्तुगीज, वाक्याची घडण मात्र मराठी वळणाची. बोलणारे उरलेत जेमतेम हजाराच्या आसपास. मुलांची शाळा मराठी, आणि पोटापाण्यासाठी अनेकांना गाव सोडावं लागतं.

तटाचे ढासळलेले दगड सरकारला पुन्हा रचता येतील. बोली मात्र आजीनं नातवाशी बोललं, तरच टिकते.