रक्ताचें नातें आणि रक्ताचा कर्करोग

घोडपदेवच्या चाळींपासून परळचें टाटा मेमोरिअल रुग्णालय फारसें दूर नाहीं. १९४१ सालीं तें उघडलें, तेव्हांपासून कर्करोगाचें नांव निघालें कीं गिरणगांवाची पावलें तिकडेच वळतात. एखाद्या बिऱ्हाडांतील मूल रक्ताच्या कर्करोगानें तेथें दाखल झालें, म्हणजे आईबापांच्या दुःखांत आणखी एका शल्याची भर पडते. ‘हें त्यांच्या घराण्यांतच असावें,’ अशी कुजबूज गॅलरींत सुरू होते, आणि थोरल्या बहिणीच्या लग्नाचीं बोलणीं थबकतात. या कुजबुजींत तथ्य किती, याचा निवाडा शास्त्रानें केला आहे. आणि त्या कामीं साक्ष काढली आहे ती जुळ्या भावंडांची.

जुळीं दोन प्रकारचीं असतात. एकाच फलित बीजाचे दोन भाग होऊन जन्मलेलीं तीं एकबीज. त्यांची आनुवंशिक ठेवण जवळजवळ तंतोतंत सारखी असते. दोन निराळ्या बीजांपासून झालेलीं तीं द्विबीज. हीं इतर सख्ख्या भावंडांइतकींच एकमेकांसारखीं असतात. दोहोंनाहि घर एक, अन्नपाणी एक. तेव्हां एखादा रोग एकबीज जोडींत दोघांनाहि अधिक वेळां होत असेल, तर त्यांत आनुवंशाचा हात आहे, असें अनुमान निघतें.

डेन्मार्क, स्वीडन, नॉर्वे व फिनलंड या देशांत जुळ्यांच्या आणि कर्करोगाच्या नोंदी कित्येक दशकें ठेवलेल्या आहेत. तेथील ३,१६,३९७ जुळ्या व्यक्तींचा हिशेब २०२१ सालीं प्रसिद्ध झाला. रक्ताचे सर्व प्रकारचे कर्करोग एकत्र धरले, तर जन्मभरांत ते होण्याचा संभव शेंकडा अडीच भरतो. द्विबीज जोडीदारास रोग झाला असल्यास तो शेंकडा साडेचार, आणि एकबीज जोडीदारास झाला असल्यास सुमारें साडेसात होतो. धोका तिप्पट होतो, हें खरें. परंतु ज्यांची ठेवण हुबेहूब तीच, अशा शंभरांपैकीं नव्वदांहून अधिक जणांना तो रोग जन्मांत होत नाहीं, हेंहि तितकेंच खरें.

तान्ह्या एकबीज जुळ्यांचें मात्र एक कोडें होतें. एकास हा रोग झाला कीं बहुधा दुसऱ्यासहि होई. हा वंशदोषच, असें कोणासहि वाटावें. १९९३ सालीं इंग्लंडांत मेल ग्रीव्ह्ज व त्यांच्या सहकाऱ्यांनीं हें कोडें उलगडलें. दोन्ही बाळांच्या रोगट पेशींत एका जनुकाची मोडतोड नेमकी त्याच जागीं झालेली आढळली. निरोगी पेशींत ती नव्हती, अर्थात् आईबापांकडून ती आलेली नव्हती. गर्भांत एका बाळाच्या पेशींत ती घडली, आणि दोघांची वार एकच असल्यामुळें त्या पेशी दुसऱ्याच्या रक्तांत उतरल्या. जन्मतः असलेलें आणि वंशानें आलेलें, हीं दोन एक नव्हेत.

वंशानें येणें कसें असतें, याचा दाखला मुंबईंतलाच आहे. १९५२ सालीं डॉ. भेंडे व त्यांच्या सहकाऱ्यांनीं जगापुढें मांडलेला ‘बाँबे’ रक्तगट आईबाप दोघांकडूनहि तो अंश आल्यावांचून होत नाहीं. रक्ताच्या कर्करोगास असा ठाम नियम बहुतेक घरांत लागत नाहीं. क्वचित् कांहीं घराण्यांत तो खरोखरीच पुनःपुन्हा दिसतो. म्हणून एका घरांत दोघांना झाला असेल, किंवा आजारी मुलास जुळें भावंड असेल, तर तें डॉक्टरांपासून लपवूं नये.

लपविण्यानें हानि होते ती याहून मोठी आहे. २० मार्च १९८३ रोजीं याच टाटा रुग्णालयांत डॉ. सुरेश अडवाणी यांनीं रक्ताच्या कर्करोगानें पीडित अशा नऊ वर्षांच्या मुलीस तिच्या भावाची अस्थिमज्जा दिली. भारतांतील तें पहिलें यशस्वी मज्जारोपण. सख्ख्या भावंडाची मज्जा पूर्णपणें जुळण्याचा संभव चारांत एक असतो. परक्याची जुळणें त्याहून पुष्कळ दुर्मिळ. ज्या थोरल्या बहिणीकडे चाळ संशयानें पाहते, तिचेंच रक्त धाकट्याचा जीव वांचविणारें ठरूं शकतें. तिला दूषण देण्यापूर्वीं शेजाऱ्यांनीं एवढें ध्यानांत घ्यावें.