चालताना पाय भरून येतात, बसलं की बरं वाटतं

अशी एखादी मावशी तुमच्याही गावात असेल. बाजाराला निघते. थोडं चाललं की पोटऱ्या भरून येतात, पायांना मुंग्या येतात. कुणाच्या तरी ओट्यावर पाच मिनिटं टेकते आणि पुन्हा चालू लागते. घरचे म्हणतात, वय झालं. मग हळूहळू तिचा बाजार सुटतो, देऊळ सुटतं, गटाची बैठकही सुटते.

दुखतात पाय, पण मूळ असतं कमरेत. कमरेत एकावर एक असे ५ मणके असतात. त्यांच्या आतून एक पोकळ नळी जाते. पायांकडे आणि लघवी-संडासच्या जागेकडे जाणाऱ्या नसा त्या नळीतूनच जातात. साधारण पन्नाशीनंतर मणक्यांमधली गादी फुगते, हाड वाढतं, मणके बांधून ठेवणारे पट्टे जाड होतात. नळी अरुंद होते आणि नसा दाबल्या जातात.

ताठ उभं राहिलं की ही नळी आणखी आवळते. बसलं, पुढं वाकलं की थोडी मोकळी होते. म्हणून खुरपायला बसलेली बाई तासभर काम करते, पण शेतातून घरी चालत येताना तिला चारदा थांबावं लागतं. घरच्यांना वाटतं, ही सोंग करते. बायांनो, हे सोंग नाही. हीच तर या दुखण्याची खूण आहे.

न बसता, नुसतं उभं राहूनही पाय दुखायचे थांबत असतील, तर रक्तवाहिनीचा आजार असू शकतो. तंबाखू-मिश्रीची सवय असेल, तर तोही तपासून घ्या.

डॉक्टरांना दाखवा. किती पावलांवर थांबावं लागतं, ते सांगा. बऱ्याच जणींना व्यायाम आणि औषधांनी आराम पडतो. ऑपरेशन सगळ्यांनाच लागत नाही. दुकानातून गोळ्या आणून रोज खाऊ नका. कमरेवर पाय देऊन चोळून घेऊ नका.

आता लाज बाजूला ठेवून ऐका. लघवी अडली किंवा नकळत होऊ लागली, संडासवरचा ताबा गेला, मांड्यांमधली जागा बधिर झाली, पाऊल उचलेनासं झालं, तर उद्यावर ढकलू नका. त्याच दिवशी मोठं हॉस्पिटल गाठा, १०८ला फोन करा. उशीर झाला तर गेलेली ताकद परत येईलच असं नाही.

पुढच्या बैठकीला जी मावशी येत नाही, तिच्या घरी एकदा जाऊन या. का येत नाही, ते विचारा.