पिवळे पान आणि प्राचीन प्रथिन
(पिंप्राळा येथे शिक्षक व पंचायत सदस्यांसमोर केलेले भाषण)



आषाढीच्या रथोत्सवाची परंपरा असलेल्या पिंप्राळ्यात एक गोष्ट निराळी सांगावयास नको. रथ कितीही प्रचंड असला, तरी त्याला वळण देते ती चाकाखाली सारलेली लाकडी मोगरी. वनस्पतीच्या जीवनातही असेच एक चिमुकले साधन आहे. त्याचे नाव फेरेडॉक्सिन.

फेरेडॉक्सिन हे लोह व गंधक धारण करणारे प्रथिन होय. पानावर ऊन पडले की हरितद्रव्यातून इलेक्ट्रॉन सुटतात आणि एका प्रथिनाकडून दुसऱ्याकडे हातोहात जात ते फेरेडॉक्सिनपाशी पोहोचतात. पुढे साखर तयार करण्याच्या आणि नायट्रोजन पचविण्याच्या कामी ते खर्ची पडतात. मूग, उडीद, तूर यांच्या मुळांवरील गाठींतील जीवाणू हवेतील नायट्रोजन बांधतात, तेव्हाही अशाच इलेक्ट्रॉनवाहक प्रथिनांची गरज लागते. नायट्रोजनच्या एका रेणूमागे आठ इलेक्ट्रॉन लागतात.

१९६२ साली क्लॉस्ट्रिडियम या हवेवाचून जगणाऱ्या मातीतील जीवाणूत हे प्रथिन प्रथम ओळखले गेले. त्याच वर्षी टागावा व आर्नन यांनी पालकाच्या पानांतील फेरेडॉक्सिनचे कार्य दाखविले. १९६६ साली एक व डेहॉफ यांनी जीवाणूच्या प्रथिनाची ५५ अमिनो आम्लांची साखळी तपासली. तिचे दोन अर्ध एकमेकांशी मिळतेजुळते निघाले. म्हणजे एक लहान साखळी दुप्पट होऊन ही मोठी झाली असावी, असा त्यांचा निष्कर्ष होता. निसर्ग जुन्या वस्तूची नक्कल करून तीतून नवी घडवितो, याचा हा बोलका पुरावा.

मात्र पानातील फेरेडॉक्सिन त्या जीवाणूच्या प्रथिनाहून निराळ्या घाटाचे आहे. जीवाणूत आठ लोह अणू, तर पानात दोनच. पानातील प्रथिनाचे जवळचे नाते नीलहरित जीवाणूंशी जुळते. याचे कारण असे की, हरितकणू हे मुळात पेशीत सामावले गेलेले नीलहरित जीवाणूच होत. १९६७ साली लिन मार्ग्युलिस यांनी हा विचार जोरकसपणे मांडला आणि पुढे तो मान्य झाला.

हे प्रथिन घडले तेव्हा समुद्रात विरघळलेले लोह मुबलक होते. सुमारे २४० कोटी वर्षांपूर्वी नीलहरित जीवाणूंनी सोडलेला ऑक्सिजन वातावरणात साठू लागला आणि कालांतराने लोह गंजून अविद्राव्य झाले. लोहाच्या टंचाईत नीलहरित जीवाणू फ्लॅव्होडॉक्सिन हे लोहरहित प्रथिन वापरतात. भूमीवरील वनस्पतींनी मात्र उत्क्रांतीच्या ओघात ही सोय गमावली. २००७ साली अर्जेंटिनातील संशोधकांनी तंबाखूच्या रोपात ते परत घातले, तेव्हा रोपे लोहटंचाईत अधिक तग धरू लागली.

आता आपल्या शिवाराकडे पाहू. चुनखडीयुक्त काळ्या जमिनीत लोह असते, परंतु मुळांना ते सहज मिळत नाही. मग भुईमुगाची कोवळी पाने पिवळी पडतात. शिरा मात्र हिरव्या राहतात. नायट्रोजनच्या उणिवेत याच्या उलट, आधी जुनी पाने पिवळी होतात. हा फरक न ओळखता युरिया टाकला, तर पैसा जातो आणि दोष तसाच राहतो. लोहाची उणीव असेल, तर माती तपासून व कृषी विभागाच्या सल्ल्याने फेरस सल्फेटची फवारणी करावी.

शिक्षकांनी शाळेच्या बागेतील दोन प्रकारची पिवळी पाने मुलांसमोर ठेवावीत; पंचायतीने माती परीक्षणाचे निष्कर्ष फळ्यावर लावावेत. कोट्यवधी वर्षांचा इतिहास त्या एका पानात वाचता येतो, आणि तो वाचता आला तर शेतकऱ्याचा एक हंगाम वाचतो.